अचाटनगरची घरपोच

भिंगरीला अचाटनगरात घर हवं होतं, आणि तिथल्या लोकांनी तिला दोनदा दारातूनच परत पाठवलं होतं.

अचाटनगर कुठे आहे म्हणाल, तर इंटरनेटवर. तिथला प्रत्येक रहिवासी स्वतःसाठी एक पात्र रचतो, त्याला एखादी अचाट शक्ती देतो आणि मग सगळे मिळून, आळीपाळीने लिहीत, त्या शहराची गोष्ट पुढे नेतात. कुणी भिंतीतून आरपार जातं, कुणी स्वतःच्या सावलीला कामाला लावतं. एक जण तर नुसता शिंकतो, पण असा शिंकतो की पूल हलतात! भिंगरीने हे सगळं बाहेरून इतकं वाचलं होतं, की तिथल्या गल्ल्या तिला शाळेच्या रस्त्यापेक्षा जास्त पाठ होत्या. पण दुसऱ्याचं लग्न खिडकीतून किती दिवस बघायचं? लिहायचं तर आधी पात्र पसंत पडायला हवं, मग चाचणी द्यायला हवी. तिसऱ्यांदा नापास झालेल्याला वर्षभर पुन्हा अर्ज करता येत नाही. आणि भिंगरीची आता तिसरी वेळ होती.

पहिल्या वेळी तिने ‘महाज्वाला’ पाठवली होती. महाज्वाला उडायची, आगीशी खेळायची, वेळ थांबवायची, मनातलं ओळखायची, मरायची नाही आणि वर दिसायलाही सुंदर होती. अचाटनगरची दरवान म्हणजे घुबडमावशी. ही खरी कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नाही. नावाशेजारी गोल डोळ्यांचं घुबड तेवढं दिसतं. तिने एका ओळीत निकाल लावला: ‘ह्या बाई गावात आल्या तर बाकीच्यांनी घरी जाऊन झोपायचं का?’

दुसऱ्या वेळी भिंगरीने शहाण्यासारखी एकच शक्ती दिली, प्रचंड ताकद. पात्र पास झालं. चाचणीत घुबडमावशीचा स्वतःचा खलनायक, घणासुर, खांद्यावर भला मोठा घण घेऊन समोर उभा राहिला. भिंगरीने हात चोळले आणि लिहिलं, ‘तिने एक ठोसा मारला आणि घणासुर दहा इमारतींपलीकडे जाऊन आपटला.’

लगेच उत्तर आलं. ‘ठोसा तुमचा. आपटायचं की नाही, ते माझं. प्रयत्न आपला, परिणाम समोरच्याचा, हा इथला पहिला नियम. नमस्कार.’

एखादी असती तर रडत बसली असती. गेल्या वर्षीची भिंगरीसुद्धा बसली असती, कारण तेव्हा हजेरी देताना तिचा आवाज बाकाखाली शोधावा लागायचा. पण यंदा एका मोकळ्या तासाला वर्गाला गप्प बसवायला म्हणून बाईंनी तिला गोष्ट सांगायला उभं केलं, आणि घंटा झाली तरी वर्ग उठेना! ‘पुढे काय झालं ते सांगून जा’ म्हणत पोरींनी तिचं दप्तर ओढून धरलं. त्या दिवसापासून भिंगरीला जे वारं लागलं, ते लागलंच.

तिच्या घरची लाँड्री होती. पुढे काउंटर, मागे वाफेच्या इस्त्रीचं टेबल, त्याच्या मागे डागांच्या बाटल्यांचं कपाट. इस्त्री बाबांची, डाग आईचे. आत्या शहराची बस चालवायची आणि पहिली पाळी संपली की चहाला इथेच टपकायची. भिंगरीने शनिवारी सकाळी सगळ्यांना कामाला लावलं.

“मला एक शक्ती सुचवा. पण एकच. आणि तिला काहीतरी खोट हवी.”

“पहिल्या हाकेला ‘ओ’ देणारी मुलगी,” आई शर्टाच्या बाहीवरचा डाग चोळत म्हणाली.

“आई, खरी शक्ती सांग.”

“हीच खरी. मी तरी अजून पाहिली नाही.”

“जिने घातलेल्या कपड्यांना चुणीच पडत नाही,” बाबा वाफेतून म्हणाले.

“मग तुमचा धंदा बसेल की, दादा!” आत्या हसली. “लाल सिग्नल बघितला की हिरवा होतो, असलं काहीतरी कर गं. चौकाचौकात माझं आयुष्य चाललंय.”

“तुमच्यापैकी एकाचीही शक्ती कुणाशी लढायला उपयोगी नाही!”

“लढायचंच कशाला?” बाबांनी इस्त्री उभी केली. “एवढी ताकद आलीच हातात, तर ते तिकडचं आवर जरा.”

ते तिकडचं म्हणजे भिंतीजवळची लांब दांडी. लोकांनी धुवायला टाकलेले आणि न्यायला विसरलेले कपडे तिच्यावर लटकत होते. कुणाचा कोट, कुणाचा नाचाचा झगा, कुणाच्या बाळाची टोपी. बाळ एव्हाना दाढी करत असेल, असं आई म्हणायची. बाबा मात्र एकही कपडा टाकू द्यायचे नाहीत. धूळ झटकताना ते प्रत्येकाशी बोलायचे. आता त्यांनी त्या कोटाची कॉलर सरळ केली आणि म्हणाले, “काय राव, आजही कुणी आलं नाही? येतील, येतील.”

भिंगरी बघत राहिली. हे सगळे कपडे एका झटक्यात आपापल्या घरी गेले तर? कोट दारात उभा, टोपी खिडकीतून आत! नुसतं बोट लावायचं, आणि वस्तू निघाली आपल्या माणसाकडे...

“सापडलं!” ती अशी ओरडली की आईच्या हातातली बाटली निसटता निसटता राहिली. “तिने हात लावला की वस्तू ज्याची त्याच्याकडे परत जाते! चोरलेली, हरवलेली, विसरलेली, सगळी! तिचं नाव... तिचं नाव घरपोच!”

आत्याला चहाचा असा ठसका लागला की बाबांना तिच्या पाठीवर थापट्या माराव्या लागल्या.

“नाव फक्कड आहे,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण थांब. ही बया बसमध्ये चढली आणि दांडा धरला तर? बस ज्याची त्याच्याकडे, म्हणजे डेपोत! आणि माझे प्रवासी?”

“माणसं जाणार नाहीत. फक्त वस्तू.”

“म्हणजे भर रस्त्यात सगळे हवेत बसलेले! आणि मी पुढे स्टिअरिंग नसलेले हात फिरवतेय! ते काही नाही. माझ्या बसला हात लावायचा नाही.”

“बरं बाई! एका हाताने उचलता येईल तेवढीच वस्तू जाईल. झालं?”

“आता कसं! आणि उसनं काही मागायची सोय नाही हं तिला,” आईने भर घातली. “मैत्रिणीचं पेन घेतलं की पेन पळालं.”

“छत्री मागितली की भिजली!” बाबाही आता रंगात आले.

भिंगरी भराभर टाइप करत होती. घरातल्या सगळ्यांनी मिळून तिच्या नायिकेचे असे काही हाल केले, की महाज्वालाच्या नशिबी तसे कधी आले नसते. पण गंमत अशी, की महाज्वाला तिला कधी रस्त्यात भेटेलसं वाटलं नव्हतं. आणि ही घरपोच! ही तर समोरून भिजत, पेनावाचून, चरफडत येताना साक्षात दिसत होती.

संध्याकाळी घुबडमावशीचं उत्तर आलं. ‘शक्ती आवडली. नाव तर भलतंच आवडलं. उद्या दुपारी चाचणी. नियम ठाऊक आहेच.’

रविवारी दुपारी लाँड्री उघडीच होती. भिंगरी काउंटरवर लॅपटॉप मांडून बसली. लिहिताना मोठ्याने वाचायची तिला सवय होती, म्हणून आई आणि बाबा कामाचा बहाणा करून जवळपासच घुटमळत होते. आत्या तर बहाणाही न करता स्टुलावर ठाण मांडून बसली होती. तेवढ्यात बेकरीवाले काका आपला पांढरा डगला न्यायला आले.

“काय चाललंय?”

“शू!” तिघं एकदम म्हणाले. काका बिचारे पैसे हातात धरून तसेच उभे राहिले.

पडद्यावर घुबडमावशीने लिहिलं, ‘घणासुर पुलाच्या मधोमध उभा आहे. घणाच्या एका घावात तो पूल मोडणार आहे. अडवा पाहू.’

भिंगरीने मोठ्याने वाचत टाइप केलं, “‘घरपोच धावत येते. ती घणाच्या दांड्याला एका हाताने धरते आणि उचलते. घण...’” तिची बोटं पुढे पळाली, “‘घण नाहीसा होतो.’”

पाठवायच्या बटणावर बोट गेलं आणि तिथेच गोठलं. प्रयत्न आपला, परिणाम समोरच्याचा! तिच्या कानशिलांतून वाफ निघाली. तिने शेवटची ओळ खोडली, ‘उचलते’ खोडलं आणि लिहिलं, ‘उचलायचा प्रयत्न करते.’ मग डोळे मिटून पाठवलं.

“का खोडलंस? चांगलं होतं की,” बाबा म्हणाले.

“ते माझं नाही, बाबा. ते तिचं.”

उत्तर आलं. ‘घण तसूभरही हलत नाही. घणासुर खो खो हसतो. म्हणतो, पोरी, हात दुखेल.’

“मेलीने हलू दिला नाही!” आत्याने मांडीवर थाप मारली.

आता? वर्षभर बाहेर उभं राहायचं, खिडकीतून बघत. दुसरी कुठली शक्ती भिंगरीने घरपोचला ठेवलीच नव्हती. उचलता येत नाही, उचलल्याशिवाय जात नाही. तिने मान वर केली. समोर चौघंही तिच्याकडे बघत होते, आणि बेकरीवाल्या काकांना तर प्रकरण काय आहे हेही ठाऊक नव्हतं, तरी त्यांचा चेहरा सगळ्यांत काळजीत होता.

“त्याच्या हातातून घ्यायचाच कशाला?” तिला एकदम सुचलं. “त्यालाच द्यायला लावते!”

तिने लिहिलं, ‘घरपोच विचारते, हा घण कुणाचा?’

‘माझा!’ घणासुर गरजला.

‘मग दे ना माझ्या हातात. तुझाच असेल तर तुझ्याच हातात परत येईल. घाबरतोस कशाला?’

तिने पाठवलं आणि हात मांडीखाली दाबून धरले. आता जे व्हायचं ते पलीकडे. तो घण देईल, न देईल, तिच्या डोक्यातही घालेल. पडद्याच्या तळाशी ‘घुबडमावशी लिहीत आहे’ एवढंच लुकलुकू लागलं. मग थांबलं. पुन्हा लुकलुकलं. पुन्हा थांबलं.

“गेली वाटतं चहा करायला,” आत्या पुटपुटली.

“लिहून खोडतेय,” भिंगरी म्हणाली. “म्हणजे तिलाही ठाऊक नाहीये!”

आणि मग आलं, एकदम लांबलचक. भिंगरीने वाचायला घेतलं तेव्हा तिचा आवाज थरथरत होता, पण बाकाखाली गेला नव्हता.

“‘घणासुर आयुष्यात कुठल्याच आव्हानाला नाही म्हणालेला नाही. तो घण तिच्या तळव्यावर ठेवतो आणि खालून स्वतःचा हात लावून तोलून धरतो. घण तिच्या एका हातात उचलला जातो. आणि नाहीसा होतो. घणासुर आपल्या रिकाम्या मुठीकडे बघतो. घण परत येत नाही. दूर, शहराच्या टोकाला, एका बंद भट्टीच्या दारात काहीतरी जड धप्पकन पडतं. तिथे एक म्हातारी लोहारीण राहते. तिने त्याला पोरगा असताना लोखंड तापवायला शिकवलं होतं. एका भांडणानंतर तो तिचा घण उचलून पळाला होता. इतकी वर्षं तो घण आपलाच म्हणत आला. घणासुर पुलावर खाली बसतो. म्हणतो, म्हणजे ती अजून आहे?’”

बाबांची इस्त्री टेबलावर फुसफुसत होती. कुणाचं लक्षच नव्हतं. आईने धावत जाऊन ती उभी केली आणि तितक्याच वेगाने परत आली.

‘तो’ असं टाइप करून भिंगरी थबकली. तो उठला, तो रडला, तो धावत सुटला, कितीतरी वाक्यं ओठांवर आली होती आणि एकाहून एक झकास होती! ती तिने गिळून टाकली. लिहिलं, ‘घरपोच त्याच्याशेजारी बसते. काही बोलत नाही.’

लगेच, एवढ्याशा वेळात, उत्तर आलं. ‘चाचणी थांबवते. हे मी बोलतेय, घणासुर नाही. गेली कित्येक वर्षं जो नवा येतो तो माझ्या ह्या पोराला झोडपतो. कुणी दरीत ढकललं, कुणी गोठवलं, एकाने तर त्याचा बेडूक केला. घण कुणाचा, हे कुणी विचारलंच नाही. आणि खरं सांगू? मलाही आत्ताच कळलं. ये गं बाई, आत ये. अचाटनगरात तुझं स्वागत आहे.’

त्यानंतर लाँड्रीत जो कल्ला झाला, त्याचं वर्णन करण्यात अर्थ नाही. भिंगरी काउंटरवर चढली, आत्याने शिट्टी मारली, आई “उतर, काच फुटेल” म्हणत स्वतःच टाळ्या पिटत होती, आणि बाबांनी बेकरीवाल्या काकांना कडकडून मिठी मारली, कारण सगळ्यांत जवळ तेच उभे होते.

“अहो, पण ती म्हातारी!” काका मिठीतून कसेबसे म्हणाले. “त्या लोहारणीने दार उघडलं का?”

“मला काय माहीत?” भिंगरीने वरून हात पसरले. ती इतकी हसत होती की तिला धड बोलता येईना. “ते मावशी ठरवणार!”

“अगं मग विचार ना तिला!”

भिंगरीने उडी मारली, पडदा काकांकडे वळवला. घणासुराने लिहिलं होतं, ‘माझ्याबरोबर येशील का तिच्या दारापर्यंत? एकट्याने पाय उचलत नाहीये.’

‘चल,’ तिने लिहिलं. ‘दार तू वाजव.’

तळाशी पुन्हा लुकलुकायला लागलं. पाच डोकी काउंटरवर एकत्र आली, एकमेकांना ढुशा देत.