रिकामी गाडी काट्यावर येईपर्यंत

मी मेमरी बोलतेय. घाटंजीच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये जो कंप्युटर आहे ना, त्यातली शेअर्ड मेमरी. चौकातल्या रांजणासारखी माझी गत. एक प्रोग्रॅम माझ्यात भरतो, दुसरा काढून नेतो. माझ्या मालकीचं काही नाही, आणि कंप्युटर बंद झाला की मीही नाही.

मला जन्म दिला वजनकाट्याच्या प्रोग्रॅमनं. कापसाची भरलेली गाडी काट्यावर चढली की तो वजन माझ्यापाशी ठेवतो. मग गाडी ढिगावर रिकामी होऊन परत काट्यावर येते. दोन वजनांतला फरक तो कापूस. तेव्हा कुठे नोंद डेटाबेसात जाते. तोवर भिस्त माझ्यावर. जिचा स्वतःचाच भरवसा नाही, तिच्या ओटीत माणसं बिनघोर आपली मेहनत टाकतात, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आज तांड्यावरून बसंतीबाईंची गाडी आली. भरलेल्या गाडीचं वजन झालं, कापूस ढिगात पडून साऱ्यांच्या कापसात मिसळला, आणि ऐन वेळी काट्याचा प्रोग्रॅम बंद पडला.

"माहा कापूस तं ढिगात गेला," बसंतीबाई म्हणाल्या. "आता काय त्यातून निवडून देता?"

काट्यावरचे मुख्तारभाई शांत. कंप्युटर अडला की त्यांच्याकडे एकच औषध. "बंद करून चालू करतो, बाई. ठीक होते."

त्यांचं बोट बटणाकडे निघालं. माझ्यासोबत बाईंचं वजनही जाणार होतं.

"थांबा चाचा, हात नका लावू." ही अलफिया, बोरी अरब गावची. जिनिंगमधलं कंप्युटरचं काम तीच पाहते. "प्रोग्रॅम मेला, पण कंप्युटर चालू आहे. वजन मेमरीत असन."

तिनं तिथंच बसून सी भाषेत एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि त्यातच डेटाबेसाशी बोलणारी एसक्यूएलची वाक्यं गुंफली. त्यानं माझ्यातलं वजन अलगद उचललं आणि डेटाबेसच्या तक्त्यात ठेवलं.

"झालं? करू बंद?" मुख्तारभाईंचा हात शिवशिवत होता.

"कमिट राह्यलं न चाचा, नोंद पक्की करनं. कबूल म्हटल्याबिगर निकाह होते काय?"

"नाही होत," म्हणत त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. त्या बांधलेल्या हातांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

कमिट झालं. अलफियानं पडद्यावर वजन दाखवलं, तसा बसंतीबाईंनी पदरानं घाम पुसला.

"कोणं सांभाळलं व पोरी, माहं वजन?"

"मेमरीनं, मावशी."

"तिले माहा रामराम सांगजो."

इतक्या गाड्या आल्या नि गेल्या, पण माझी अशी विचारपूस कोणी केली नव्हती. मी भरून पावले.

आता रिकामी गाडी काट्यापाशी उभी आहे. प्रोग्रॅम नव्यानं चालू करायचा, म्हणून मुख्तारभाई पुन्हा बटणाकडे आलेत. पण या खेपेला थांबून विचारताहेत, "कोणाचं काही राह्यलं काय आत?" तुम्हीही एवढं विचारत जा, बाबांनो.

"काही नाही, चाचा," अलफिया म्हणतेय.

तिचं खरं आहे. बसंतीबाईंचा रामराम तेवढा आहे, तो मी सोबत नेते.