पाळण्याची दोरी

तारकर्लीच्या वाटेवर सिनेमाचा तंबू लागला की वाडीतली दुपारची झोप उडून जायची. उन्हं कलायच्या आत लवू गळ्यात ढोल अडकवून, चित्रांच्या पाट्या लावलेल्या बैलगाडीतून येई, घराघरापुढच्या खळ्यात उतरे आणि त्या दिवशीच्या सिनेमाची गोष्ट सांगू लागे. सांगे कसली, टांगून ठेवी. आवाज खाली आणी, ढोलाची काठी काखेत धरून पंचाने सावकाश मान पुसे, आणि तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात सुपातच थांबले, की ‘तिनं दार उघडलं, आणि बघते तर—’ एवढंच म्हणून जी थाप देई ती गाडी वळणाआड जाईपर्यंत थांबत नसे. मग बघते तर काय, यावरून दुसऱ्या दिवशी विहिरीवर भांडणं होत.

शेवंतीला तंबूत जाणं जमण्यासारखं नव्हतं. सत्यवान अजून मान सावरायला शिकत होता आणि त्याचा बाप, दत्ताराम, मुंबईला गोदीत. पोर रडलं तरी तिला भीती, आणि निवांत निजलं तर त्याहून जास्त. श्वास चालू आहे ना म्हणून ती घटकाघटकाला त्याच्या नाकाशी बोट धरी. सासू, हौसाबाई, हसे. तिला डोळ्यांनी दिसायचं कमी. ती पडवीत सुंभ वळत बसे आणि पाळणा आतल्या खोलीत. त्याची दोरी मात्र उंबरठ्यावरून येऊन तिच्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. रिकामा पाळणा तिनं जन्मात हलवला नव्हता. पोर उचललं की दोरी हलकी येई आणि म्हातारी लगेच अंगठा सोडवून घेई. “माका बघूक लागणा नाय गो, दोरी सांगता,” ती म्हणे. शेवंतीचा स्वतःच्या डोळ्यांपेक्षा त्या अंगठ्यावर विश्वास होता.

एका दुपारी लवूने त्यांच्या खळ्यात नवीच गोष्ट काढली. कुणी एक आई विहिरीवरून घरी येते, वारा नाही, घरात कोणी नाही, आणि पाळणा हलतोय. झोळी हिरव्या लुगड्याची, मधोमध पिवळं ठिगळ. ढोल वाजला. बायका खूश झाल्या. शेवंतीही हसली, पण आत जाऊन तिनं झोळी पाहिली. ते पिवळं ठिगळ तिनं त्याच सकाळी लावलं होतं.

शेजारची नर्मदा सिनेमा बघून आली ती लवूच्या नावानं बोटं मोडतच. सगळा राजा आणि घोडा, म्हणाली, पाळणा औषधाला नाही. मेल्याच्या जिभेला हाड म्हणून नाही. तरी दुसऱ्या दिवशी लवूची ती आई उंबरठ्यापर्यंत आली. त्याच्या पुढच्या दिवशी तिनं झोळीची कड धरली. तंबूत सिनेमा बदलला, गोष्ट बदलली नाही. खळ्यात जमणाऱ्या बायकांना आता तंबूपेक्षा लवूच गोड लागू लागला होता, आणि शेवंती दिवसातून दहादा झोळी चाचपून बघू लागली होती. त्या झोळीत काय दिसणार होतं, हे तिला ऐकायचं नव्हतं. आणि न ऐकता तिला राहवतही नव्हतं.

शेवटी तिनं लवूला खळ्याबाहेर गाडीपाशी गाठलं आणि पुढे काय होतं ते विचारलं. तो ओशाळला.

“माका काय ठावक, वयनी? मी खंय सिनेमा बघतंय? दारार तिकिटा फाडतंय. चित्र बघून जुळवतंय आणि पुढचा सुचणा नाय थंय ढोल बडवतंय.”

“मग पाळणा खंय आसा चित्रात?”

लवूनं पाट्यांकडे पाहिलं. “नाय. वाडीभर मी चित्रातलाच सांगतंय. तुमच्या खळ्यात इलंय काय ह्या तोंडात येता. उद्या तंबू मोडतलो. पुढचा काय ता हंय उभो रवलंय की कळात.”

दुसऱ्या दिवशी ढोल ऐकू येताच शेवंतीनं झोपलेल्या सत्यवानाला झोळीतून अलगद उचलून खांद्यावर घेतलं. जे काय बोललं जाईल ते रिकाम्या पाळण्यावर पडू दे. पडवीत हौसाबाई सुंभाच्या ढिगाला टेकून पेंगत होती. तिच्या अंगावरून शेवंती चोरपावलांनी खळ्यात गेली आणि बायकांच्या मागे उभी राहिली.

लवूने सांगायला घेतलं. आईनं झोळीची कड धरली, बाजूला केली, हात आत घातला. तो थांबला, पंचा मानेवर तसाच राहिला. सुपं थांबली. पण ढोल वाजला नाही.

“पोर आसा,” लवू म्हणाला, आणि त्याचा चेहरा लख्ख मोकळा झाला. “सुखान निजलेला आसा.”

बायकांनी सुस्कारे सोडले. एवढ्यासाठी इतके दिवस झुलवलंस होय रे, म्हणून नर्मदेनं त्याच्यावर मूठभर कोंडा उधळला. शेवंतीला हसू आणि रडू बरोबरच आलं. खांद्यावर पोराची ऊब होती. लवूचं तोंड गोड करावं म्हणून गूळ आणायला ती घराकडे वळली.

हौसाबाई जागी झाली होती. तिचा अंगठा मागेपुढे होत होता आणि उंबरठ्यावरून आत गेलेली दोरी ताठ होती. आतून पाळण्याची कडी कुरकुरत होती, भरल्या पाळण्याची कुरकुरते तशी.

“आये,” शेवंती म्हणाली.

म्हातारीनं ओठांवर बोट ठेवलं. “हळू बोल गो. आताच डोळो लागलो तेचो.”

शेवंती उंबरठ्यापाशी उभी राहिली. मग तिनं हळूच, खांद्यावर निजलेल्याच्या नाकाशी बोट धरलं.