तारेवरची सहा बिलं

दुकानातल्या खिळ्यावरून बोलतेय मी, एक तार. विजेची नव्हे, कुंपणाची नव्हे. बिलं टोचून ठेवायची साधी तार. खाली लाकडी चकती, वर आकड्यासारखं वळलेलं टोक. आलेला कागद टोकातून घ्यायचा आणि सांभाळायचा, एवढंच माझं काम. पण एकतीस वर्षांत एकही कागद मी हरवू दिलेला नाही. हे मी छाती फुगवून सांगते, छाती नसली तरी.

हार्डवेअरच्या दुकानात आम्ही डझनभर एका जुडीत टांगलेल्या होतो. बॅगा शिवणारा एक तरुण कारागीर आला. त्याने माझं टोक बोटावर टेकवून पाहिलं. रक्ताचा थेंब आला, तेव्हा म्हणाला, ही चालेल. दुसऱ्याच दिवशी त्याने स्वतःचं दुकान उघडलं. आज सगळे त्यांना बाबा म्हणतात.

बाबांचे नियम दोनच. कागद आला की तारेवर गेला पाहिजे. आणि जाहिरात करायची नाही. ‘हातच्या काकणाला आरसा कशाला?’ असं म्हणून ते शिवण दाखवत. स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असा. मी टोकाशी वाकलेली आहे म्हणूनच उपयोगाची आहे, पण हे त्यांना कोण सांगणार?

त्यांची मुलगी दुकानात बसू लागली, तोवर समोर तयार बॅगांचं मोठं दुकान झालं होतं आणि आमचं गिऱ्हाईक रोडावलं होतं. बोलणाऱ्याची बोरं विकतात, असं ती एकदा म्हणाली, तर बाबा दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. मग तिने ताकास तूर लागू न देता काम सुरू केलं. पत्रकं छापून शाळांच्या फाटकाशी वाटली. दुकानाचं नाव घातलेली नाण्यांची पाकिटं फुकट दिली. बसच्या आत पाटी लावली, कारण बाबा बसने कधी जात नाहीत. दुकानाच्या वहीत लिहिलं तर बाबा वाचतील, म्हणून पैसे घरखर्चातून दिले आणि बिलं स्वतःच्या नावावर घेतली. पहिला नियम मात्र तिलाही मोडवेना. ती सहा बिलं चौपदरी घड्या घालून माझ्यावरच आली, दोऱ्याच्या आणि चेनच्या बिलांमध्ये दडून.

यंदा कर सल्लागाराने तिला समजावलं, की धंद्यासाठी केलेला जाहिरातीचा खर्च उत्पन्नातून वजा होतो, तेवढ्यावर कर लागत नाही. तिने तो खर्च दाखवला. वाचणाऱ्या पैशांत साठवणीची भर घालून नवं मशीन घ्यायचं ठरलं. जुनं मशीन जाड कापडात सुई घालत नाही, म्हणून बाबा ते हाताने शिवतात. संध्याकाळी त्यांच्या अंगठ्याला इतकी सूज येते, की कपही धरवत नाही.

आणि कर कार्यालयाचं पत्र आलं. बिलं दुकानाच्या नावावर नाहीत, पैसे घरचे. मग हा खर्च दुकानाचा कसा? सिद्ध करा, नाहीतर कर भरा, वर दंड. म्हणजे मशीन गेलंच.

मुलीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने मला खिळ्यावरून काढून टेबलावर ठेवलं आणि बाबांना सगळं सांगून टाकलं. चोरून जाहिरात केल्याचंही. बाबा दोरा मेणावरून ओढत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“ती बिलं उलटून बघ,” ते म्हणाले.

तिने घड्या उलगडल्या. सहाही बिलांच्या पाठीवर बाबांचं बारीक अक्षर होतं, पेन्सिलीचं. तारीख, गिऱ्हाईक, काम. ‘पत्रक हातात घेऊन आल्या, शाळेच्या दोन बॅगा.’ ‘बसमध्ये वाचलं म्हणाला, अवजारांची पिशवी.’ दर नव्या माणसाला ते विचारत, कुठून कळलं? मग मुलगी घरी गेली की बिल काढून नोंद करत आणि होतं तिथेच परत लावत. मला सगळं ठाऊक होतं. मी पोटात ठेवलं.

“मग बोलला का नाहीत, बाबा?”

“तुझं बरोबर होतं असं म्हणावं लागलं असतं.”

ती एकाच वेळी हसली आणि रडली. बाबा शिवतच राहिले, पण टाके वाकडे पडत होते.

कर कार्यालयात मी स्वतः गेले. चष्म्याच्या बाईंनी एकेक नोंद आमच्या ऑर्डरच्या वहीशी ताडून पाहिली. गिऱ्हाइकांच्या त्रेचाळीस नोंदी, त्रेचाळीसच्या त्रेचाळीस सापडल्या. एका ठिकाणी मात्र बाबांनी लिहिलं होतं, ‘पन्नास पाकिटं नातलगांत वाटली.’ तेवढा खर्च बाईंनी कापला. बाकीचा मान्य केला आणि म्हणाल्या, “हे ज्यांनी लिहिलंय त्यांना माझा नमस्कार सांगा.” टेबलावरच्या चकचकीत फायली ऐकत होत्या. मला काय वाटलं असेल, तुम्हीच समजा.

नवं मशीन आलं. बाबांच्या अंगठ्याची सूज उतरतेय. मी थोडी गंजलेय, चकतीला चीर गेलीय. मला बदलायची गोष्ट निघाली होती, ती बाबांनीच मोडून काढली. एवढंच सांगते, मंडळी, चांगल्या कामाचा खर्च केलात तर त्याची घडी घालून लपवू नका.

परवा सकाळी बाबा माझ्याजवळ आले. दारावर लावायची मोठी रंगीत पाटी त्यांनी स्वतः जाऊन करायला टाकली होती. तिचं बिल त्यांनी माझ्या टोकात टोचलं. दुकानाच्या नावावर. घडी न घालता, अक्षरं समोर करून.

मुलीला येता-जाता दिसावं म्हणून मी ते अजून तसंच धरून आहे.