काठावरची शांतता

गेली तीन वर्षं ती एकाच गोष्टीच्या मागे हात धुऊन लागली होती: प्रयोगशाळेतल्या फ्यूजन यंत्राच्या पोटातल्या प्लाझ्माचा काठ. लाखो अंश तापलेला तो वायू चुंबकांच्या जोरावर भिंतींपासून लांब धरून ठेवायचा, आणि तो मात्र काठाशी सारखा खवळायचा. त्या भोवऱ्यांमधून आतली ऊर्जा बाहेर निसटायची. ही खळबळ मोजायला तिचा प्रोब होता: लांब दांडा आणि टोकाला टंगस्टनच्या चार बारीक तारा. त्या बसवल्या होत्या वर्कशॉपमधल्या मामांनी. ते तिथे कुणाचेच मामा नव्हते, पण सगळी प्रयोगशाळा त्यांना मामाच म्हणायची.

त्या मंगळवारी प्लाझ्मा तापवायची शक्ती वाढवली, आणि तिच्या पडद्यावरची प्रोबची दाट, केसाळ रेघ एकदम सपाट झाली. पुढच्या पाचही शॉटना, म्हणजे प्लाझ्मा पेटवायच्या प्रत्येक फेरीला, तेच.

"गेला तुझा प्रोब," तिचे मार्गदर्शक सर म्हणाले. "आजचा डेटा सोडून दे."

तिचं तोंड एवढंसं झालं. वर्कशॉपमध्ये मामा नुकतेच जेवायला बसले होते.

"मामा, एखादी तार सैल राहिली असेल का हो?"

"माझी तार?" मामांनी डब्यावर झाकण ठेवलं. "ताई, एक वेळ माझा दात सैल होईल. चला, बाहेर काढून बघू."

दांडा झडपेमागे ओढून घेतला, थंड होऊ दिला, मग मामांनी मीटर लावला. चारही तारा ठणठणीत.

"मग हा गप्प का बसला?" ती वैतागून म्हणाली.

"तुमच्या प्लाझ्मातलं मला ओ की ठो कळत नाही. पण ऐकणारा धड आहे. म्हणजे बोलणाराच गप्प झाला असणार."

ती जागच्या जागी थबकली, आणि मग धावतच सुटली. कंट्रोल रूममध्ये तिने साठलेल्या ऊर्जेची रेघ प्रोबच्या रेघेखाली लावली. ज्या क्षणी खळबळ थांबली, त्याच क्षणी ऊर्जा चढायला लागली होती. सहाही शॉटमध्ये. काठ खरोखरच शांत झाला होता! इतर यंत्रांनी हे साधलं होतं. त्यांच्या यंत्राला अकरा वर्षांत एकदाही जमलं नव्हतं.

सरांनी दोन्ही रेघांवरून बोट फिरवून क्षण जुळवून पाहिले. "आणि मी हे फेकून द्यायला निघालो होतो," ते म्हणाले, आणि त्यांनी सगळ्यांना हाका मारल्या.

शोधनिबंधावर तिने मामांचं नाव तिसरं लिहिलं.

"अहो, लोक हसतील. मी नट-बोल्टवाला माणूस."

"तुम्ही ताटावरून उठला नसतात, तर माझ्याकडे लिहायला काही नसतंच, मामा."

तिने दिलेल्या छापील पहिल्या पानाची नीट घडी करून मामांनी ती खिशात ठेवली.

दुसऱ्या दिवशी मामींचा फोन आला. "एक अक्षर कळलं नाही बघा. पण नाव बरोबर छापलंय. कालपासून हे घरात कुणाचं म्हणून ऐकत नाहीत!"

ती पोट धरून हसली. "मामी," ती एवढंच म्हणाली, "आता कुणाचं ऐकूच नका देऊ त्यांना."