पहिल्या नंबरचा डबा

“हे तुम्ही कोणी खरं मानणार नाही,” उपेंद्र सबनीस म्हणाले आणि चमच्याच्या दांड्याने पत्र्याच्या डब्याचं झाकण उचकटायला लागले. “नका मानू. पण हा जो डबा आहे ना, हा आमच्या रिद्धीला इस्लामियातमध्ये पहिला नंबर आला म्हणून मिळालेला आहे.”

झाकण निघालं. आत चिवडा होता.

डब्यावर एक उंट आणि तीन खजुराची झाडं होती. उंटाचा रंग बऱ्यापैकी उडाला होता, एका कोपऱ्यात पोचा आला होता. उपेंद्रांनी डबा पाहुण्यांसमोर असा ठेवला, की उंटाचं तोंड त्यांच्याकडे राहावं.

चारुदत्त आणि प्रमिला प्रधान चौथ्या मजल्यावरून वर आले होते ते काही चिवड्यासाठी नाही. सकाळपासून दोघांचं घरात वाजलं होतं आणि शेवटी प्रमिला म्हणाली होती, वर सबनीसकाकांकडे जाऊ, त्यांची मुलगी त्याच शाळेत होती, त्यांनाच विचारू. पाच वर्षांच्या मिहिकाला नन्सच्या शाळेत जागा मिळाली होती. होय की नाही ते उद्या, शनिवारी दुपारपर्यंत कळवायचं होतं. नाही म्हटलं की जागा यादीतल्या पुढच्या मुलीची.

दोन हजार दोनच्या फेब्रुवारीतला शुक्रवार होता. दुबईच्या अल मनखूलमध्ये एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात असे दिवस वर्षात थोडेच येतात. मनोरमाकाकूंनी बाल्कनीचं दार सताड उघडं ठेवलं होतं. मशिदीतलं जुम्म्याचं प्रवचन वाऱ्याबरोबर कमीजास्त होत होतं. आतल्या खोलीत मिहिका रंगीत पेन्सिली घेऊन बसली होती आणि अकरावीतली रिद्धी शेजारी गणितं सोडवत होती.

“नन्सची शाळा चांगलीच आहे काका, कोण नाही म्हणतंय?” चारुदत्त म्हणाला. “पण रिलिजनच्या पिरियडला वर्गाचे तीन तुकडे होतात. ख्रिश्चन मुली प्रार्थनेच्या हॉलमध्ये. मुस्लिम मुली इस्लामियातला. आणि आपली? आपली ‘अदर्स’मध्ये.”

“अदर्सना मॉरल सायन्स असतं,” प्रमिला म्हणाली.

“असतं, टीचर मिळाली तर. मी फोन केला होता. म्हणाल्या, वुई आर इन द प्रोसेस.”

“मग? होईल प्रोसेस.”

“त्यापेक्षा शारजाची नवी शाळा काय वाईट आहे? आपल्याच लोकांची. सकाळी श्लोक, दिवाळीला चार दिवस सुट्टी. मी हमरियाला कामाला जातोच रोज त्याच रस्त्याने, जाताना सोडेन.”

“आणि दुपारी आणणार कोण? तो इन्शाल्ला म्हणणारा बसवाला?” प्रमिलाने चिवड्याची वाटी खाली ठेवली. “काका, त्या शाळेच्या फॉर्मवर काय विचारलंय ते विचारा ना याला.”

चारुदत्त वाटीतले शेंगदाणे वेचायला लागला.

“घरी मांसाहार होतो का, असं विचारलंय. आता आमची बुधवारची सुरमई कुठल्या रकान्यात लिहायची?”

“नाही लिहायची. त्यात काय एवढं?”

“म्हणजे पाच वर्षांच्या पोरीने रोज डब्याबरोबर एक खोटंही न्यायचं. नन्सकडे ती अदर्स. आणि आपल्यांत? तिथे तर घरचा वास लपवून अदर्स!”

“खोटं वाईटच,” उपेंद्र गंभीरपणे म्हणाले.

स्वयंपाकघरातून मनोरमाकाकूंना ठसका लागल्याचा आवाज आला.

“काका, मला एवढंच सांगा,” चारुदत्त पुढे सरकला. “रिद्धीच्या वेळी काय होतं? त्या तासाला उरलेल्या मुली कुठे जायच्या?”

उपेंद्र खुर्चीत मागे रेलले. या प्रश्नासाठीच जणू त्यांनी डबा बाहेर काढला होता.

“उरलेल्या नाही. उरलेली. रिद्धीच्या तुकडीत अदर्समध्ये ती एकटीच होती. त्र्याण्णव साल. तेव्हा शेजारच्या फ्लॅटमध्ये आमचा मुश्ताक राहायचा. हैदराबादचा. मी आणि तो एकाच गाडीतून शारजाला कामावर जायचो, अर्धा रस्ता तो गायचा आणि अर्धा रस्ता मी त्याला गप्प बस म्हणायचो. त्याची मुलगी नाझिया आणि आमची रिद्धी, दोघी एका बाकावर. डबासुद्धा कोणाचा कोण खायचं याचा पत्ता नसायचा.”

“तेवढं खरं आहे,” मनोरमाकाकू चहा घेऊन बाहेर आल्या. “मी थालीपीठ द्यायची आणि ही घरी येऊन नाझियाच्या अम्मीच्या खट्ट्या दाळीचं कौतुक सांगायची.”

“तर पहिल्याच आठवड्यात तास झाला. ख्रिश्चन मुली हॉलकडे निघाल्या, मुस्लिम मुली खैरुद्दीन सरांच्या वर्गाकडे. वर्गात आमचं एवढंसं पोर. हेडमिस्ट्रेस सिस्टर स्वतः आल्या. साडेपाच फूट उंच बाई...”

“गणपतीतल्या गोष्टीत सहा फूट होत्या,” मनोरमाकाकू म्हणाल्या.

“बाई उंच होत्या, एवढं लक्षात घे. त्या आमच्या पोरीसमोर गुडघ्यावर बसल्या. गुडघ्यावर! आणि विचारलं, बेटा, तुला कुठे जायला आवडेल? तू सांगशील तिथे.”

चारुदत्तने चहाचा कप तोंडाजवळ नेला होता, तो तसाच राहिला.

“आणि पोरगी म्हणाली, जिथे नाझिया तिथे मी.”

बोलता बोलता उपेंद्रांचा अंगठा डब्याच्या पोच्यावरून फिरत होता, जणू तो पोचा आतून बाहेर काढता येईल.

“झालं. त्या दिवसापासून ही खैरुद्दीन सरांच्या वर्गात. हा खैरुद्दीन म्हणजे एक नमुना होता बरं का. मोठा विद्वान, पण विक्षिप्त. मे महिना, बाहेर डांबर वितळतंय, वर्गात एसी धडधडतोय आणि या गृहस्थाने खिडकी सताड उघडी ठेवलेली!”

प्रमिला हसली. “मे महिन्यात? दुबईत?”

“दुबईत! सिस्टर येऊन खिडकी लावून जायच्या. त्यांची पाठ वळली की हा उघडायचा. सिस्टर म्हणायच्या, मास्टरजी, आपण काय अख्खं अल मनखूल थंड करणार आहात? हा म्हणायचा, सिस्टर, ताजी हवा!”

“कसली ताजी हवा! भट्टी,” चारुदत्तलाही हसू आलं.

“हे मात्र खरं हं,” मनोरमाकाकू म्हणाल्या. “पालकसभेत पण निघाली होती ती खिडकीची गोष्ट. सगळे हसले होते. आणि हिला सगळं पाठ होतं तेही खरं. मी पोळ्या लाटायची, ही माझ्या मागेपुढे घोळत अरबी आयती अस्खलित म्हणायची. मला तर भीती वाटायची, सासूबाई येतील तेव्हा काय होणार.”

“पाठ म्हणजे कसं! नाझिया अडखळायची, पण ही अडखळत नव्हती.” उपेंद्रांची गाडी आता उताराला लागली होती. “मग आला शिक्षण मंत्रालयातला इन्स्पेक्टर. इजिप्शियन, भरदार मिशा...”

“गणपतीत तो सुदानी होता.”

“सुदानीच. आई इजिप्शियन. तो वर्गात शिरला, एकेका मुलीला उभं करायला लागला. पोरी घाबरून त त प प करतायत. शेवटी याने बोट केलं आमच्या रिद्धीकडे. ही उभी राहिली. विचारलं ते सांगितलं. न विचारलेलंही सांगितलं. उच्चार असे स्वच्छ, की त्याने चष्मा काढून डोळे पुसले. म्हणाला, माशाल्ला, बेटी, नाव काय तुझं? ही म्हणाली, रिद्धी उपेंद्र सबनीस.”

उपेंद्र थांबले. पुण्यातल्या एखाद्या कसलेल्या नटाने घ्यावा तेवढा वेळ त्यांनी घेतला.

“चष्मा खाली पडला त्याचा.”

प्रमिला खळखळून हसली. तिला असं हसताना पाहून चारुदत्त तिच्याकडे बघतच राहिला. सकाळपासून त्याने तिला कपाळाला आठ्या घातलेलीच पाहिली होती.

“वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. खैरुद्दीनचा चेहरा पांढरा. सिस्टर दारात उभ्या, गळ्यातला क्रॉस घट्ट धरून. आणि हा इन्स्पेक्टर वाकला, चष्मा उचलला आणि म्हणाला, पहिला नंबर! दुसऱ्या दिवशी दारात त्याचा ड्रायव्हर. हातात हा डबा. अल ऐनच्या त्याच्या स्वतःच्या बागेतले खजूर.”

“सुदानी माणसाची अल ऐनला बाग?” चारुदत्तने विचारलं.

“मित्राची असेल. तू मुद्द्याचं ऐक.”

“डबा मुश्ताकभाईंनी आणून दिला होता,” मनोरमाकाकू कप गोळा करता करता म्हणाल्या. “रडत होते दारात उभे राहून.”

“ड्रायव्हरला आपला मजला सापडला नाही, म्हणून मुश्ताकने आणला. आणि रडणारच. मुश्ताक गाण्यावर रडायचा, क्रिकेटवर रडायचा. कॅनडाला गेला तेव्हा विमानतळावर पोर्टरसुद्धा रडवला त्याने.” उपेंद्र जरा वेळ बाल्कनीकडे बघत राहिले. शेजारच्या बाल्कनीत आता कोणाच्यातरी सायकली होत्या. “त्या कठड्यावरून वाट्या जायच्या इकडून तिकडे. ईदला शीरखुर्मा, पाडव्याला श्रीखंड. कुठली वाटी कोणाची हे शेवटपर्यंत कळलं नाही. दोन अजून आमच्याकडे आहेत.”

खालच्या रस्त्यावर नमाज संपल्याची वर्दळ सुरू झाली. गाड्यांची दारं लागल्याचे आवाज वर आले. चारुदत्तने कप खाली ठेवला.

“काका, एक सांगा. सिस्टरनी खरंच विचारलं तिला? कुठे जायचंय म्हणून?”

“विचारलं म्हणजे? गुडघ्यावर बसून!”

“नाही, म्हणजे...” चारुदत्तला नीट सांगता येईना. “मला प्रार्थनेचं काही नाही हो. मीही लहानपणी नागपूरला पाद्र्यांच्याच शाळेत होतो. मला एवढंच वाटतं, की सगळ्या उठून जातील आणि ही एकटी बाकावर बसून राहील. मला रात्री झोपताना ते एवढंच दिसतं.”

प्रमिलाने त्याच्याकडे पाहिलं. हे त्याने घरात एकदाही सांगितलं नव्हतं. घरात तो श्लोक आणि दिवाळीची सुट्टीच सांगत होता.

“छे छे. एकटी कशी बसेल?” उपेंद्र म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा होता, फक्त या वेळी त्यांनी कोणाकडे पाहिलं नाही. त्यांनी डब्याचं झाकण उचललं, ते उलटं बसवलं, मग सुलटं केलं.

“विचारतात ना, मग बस्. खलास,” चारुदत्त म्हणाला. त्याच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरल्यासारखं झालं. “उद्या सकाळी मीच जातो शाळेत. हमरियाला उशिरा येतो म्हणून कळवतो.”

“खरंच?” प्रमिला म्हणाली.

“खरंच. चल, मिहिकाला सांगू.”

सांगायची गरज नव्हती. मिहिका आतल्या खोलीच्या दारात उभी होती. एका हातात हिरवी पेन्सिल, दुसऱ्या हातात रिद्धीच्या कुर्त्याचं टोक. तिने पडदा बाजूला सारून सगळं ऐकलं होतं. रिद्धी तिच्या मागे होती. बाबांची ही गोष्ट तिने बारशांना ऐकली होती, गणपतीत ऐकली होती, एकदा तर विमानात शेजारच्या अनोळखी माणसाला सांगताना ऐकली होती. दर वेळी ती किंचित हसायची आणि उठून पाणी प्यायला जायची.

मिहिकाने तिचा कुर्ता ओढला.

“रिद्धीदीदी, विल दे आस्क मी टू?”

रिद्धीने खाली तिच्याकडे पाहिलं. मग बाबांकडे. उपेंद्रांनी डबा मांडीवर घेतला होता आणि दोन्ही हात उंटावर ठेवले होते.

“ऐक हं, मिहिकाला सांग,” ते म्हणाले. “सांग तिला, सिस्टर कशा गुडघ्यावर...”

“नो, बाबा.”

मनोरमाकाकू कपांचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात तशाच उभ्या राहिल्या.

रिद्धी मिहिकाशेजारी उकिडवी बसली, तिच्या उंचीला येईल अशी. बोलली मात्र बाबांशी, आणि मराठीत. ती मराठीत क्वचितच बोलायची.

“मला कोणी विचारलं नव्हतं, बाबा. पहिला नंबर नाझियाचा होता, आणि हा डबाही तिचाच. मी त्या वर्गात कधी गेलेच नाही. माझी खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये ठेवली होती.” तिने मिहिकाच्या हातातली पेन्सिल हळूच सोडवून घेतली. “सरांच्या त्या उघड्या खिडकीखाली.”