माझा नवा बंपर आणि बायनाबाईंचा हरण्या

मित्रांनो, तेलगावच्या फाट्यावर पाइप आणि पाण्याच्या मोटारी विकणारं एक दुकान आहे. त्या दुकानासमोर रंग उडालेली, ताडपत्रीच्या छताची एक हिरवी जीप उभी असते. ती मीच. आज मी तुम्हाला माझी गोष्ट सांगणार आहे. खरं म्हणजे ती माझी कमी आणि एका बाईची जास्त आहे. आयुष्यात मी खूप ताकद पाहिली, पण त्या दिवशी पाहिली तशी कुठंच पाहिली नाही.

माझा जन्म दूरच्या एका मोठ्या कारखान्यात झाला. तरुणपणी मी एका धरणाच्या कामावर होते. चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला, की मी ओढ्यातून, गाळातून, दगडधोंड्यांवरून वर चढून जाई. मजूर म्हणत, "ही गाडी हाय का घोरपड!" ते ऐकून मला फार बरं वाटे. पण धरण पूर्ण झालं, साहेब बदलून गेले, आणि मला कचेरीच्या मागं वेड्या बाभळीत उभं करून ठेवलं. माझ्या मागच्या सीटवर कोंबडी अंडी घालू लागली. पुढं लिलाव झाला, तेव्हा या दुकानाचे मालक सिद्धलिंग आप्पा यांनी मला घेतलं. त्यांनी आधी माझ्या पोटाखालचा लोखंडी सांगाडा वाकून पाहिला आणि ते म्हणाले, "माणसाचे गुडघे अन् गाडीची चेसी, एवढं धड असलं म्हंजी बास."

आता आप्पांचेच गुडघे दुखतात. म्हणून मला त्यांची मुलगी शिवांजली चालवते. शेतात मोटार बसवायची असो की विहिरीतली काढायची असो, आम्ही दोघी जातो.

एका पावसाळ्यात सरकीची पोती भरलेला एक टेम्पो काळ्या रानात रुतला. शिवांजलीनं माझ्या पुढच्या बंपरला दोर बांधला आणि मला मागं घेतलं. टेम्पो निघाला, पण माझा बंपर मधोमध वाकून चिमटीत धरलेल्या भाकरीसारखा झाला. टेम्पोवाला हसू दाबत होता. मित्रांनो, तो बंपर माझ्याबरोबर जन्मला होता. त्याला दसऱ्याच्या माळा चढल्या होत्या. मला फार वाईट वाटलं.

फाट्यावरच सुग्रीव मिस्त्रीचं गॅरेज आहे. त्यानं बंपरवर टिचकी मारली.

"ताई, ह्यो पत्रा हाय. शोभेचा. ह्याला दोर कावून बांधला?"

"मग कशाला बांधायचा?"

"चेसीला. ओढ हाडावर पडाया पायजे, कातड्यावर न्हाई."

माझे जुने बोल्ट गंजून एकजीव झाले होते. सुग्रीवनं त्यांच्यावर तेल सोडून रात्रभर मुरू दिलं. सकाळी पान्याच्या दांड्यात लांब पाइप घालून त्यानं जोर लावला. बोल्ट एकेक करून कुरकुरत सुटले. एकाचं मात्र डोकंच तुटलं, तो कटरनं कापावा लागला. जुना बंपर खाली आला आणि वारा थेट माझ्या जाळीवर लागला. मला उघडंबोडकं वाटलं.

नवा बंपर जाड लोखंडी चॅनलचा होता. सुग्रीवनं चेसीच्या दोन्ही टोकांवरचा गंज घासून खालचं लोखंड ठोकून पाहिलं, मगच भोकं पाडली. बंपरमधून आरपार जाऊन थेट चेसीला आवळलेले दोन हूक त्यानं बसवले. पण वजन केवढं! माझं नाक खाली झुकलं. आप्पा म्हणाले, "लई जड केलास बे. म्हातारीच्या गळ्यात जातं बांधल्यावानी झालं." मलाही तसंच वाटत होतं. दुकानाच्या काचेत पाहिलं, तर समोर कुणी दुसरीच गाडी उभी होती. माझा चेहरा कुठं गेला, असं मला वाटलं.

उसाचा हंगाम सुरू झाला. सगळे ट्रॅक्टर भरलेल्या ट्रॉल्या घेऊन साखर कारखान्याच्या रांगेत उभे होते. अशाच एका दुपारी दुकानाचा फोन वाजला. फोनवरचं ऐकता ऐकता शिवांजलीचा चेहरा उतरला.

"आप्पा, बायनाबाईंचा बैल विहिरीत पडलाय. खोदाईचं मशीन लांब गेलंय, ट्रॅक्टर न्हाई. अन् बायनाबाईबी खालीच हायत!"

बायनाबाई ओढ्यापलीकडं राहणाऱ्या शेतकरीण. उंचीनं लहान, अंगानं काटकुळ्या. आप्पा काठी टाकून माझ्यात चढले. वाटेत सुग्रीवनं जाड दोर आणि लोखंडी कप्पी मागं टाकली आणि तोही बसला. ओढ्यावरचा फरशीचा बुटका पूल पावसाळ्यातच वाहून गेला होता. मी दगडगोट्यांतूनच पार झाले.

ती जुनी, दगडी, मोटेची विहीर होती. मोट चालायची, त्या काळात बैल ज्या उतारावरून पुढंमागं होत पाणी ओढायचे, ती धाव अजून शाबूत होती. पण विहिरीला कठडा नव्हता. काठावर वाढलेलं गवत खायला गेलेला त्यांचा बैल हरण्या घसरून आत पडला होता. त्याच्यामागोमाग बायनाबाई दगडांच्या खाचांत पाय रोवत खाली उतरल्या होत्या. तेव्हापासून त्या एका कपारीवर पाय टेकून छातीभर पाण्यात, एका हातानं दगड आणि दुसऱ्या हातानं हरण्याचं शिंग धरून उभ्या होत्या. थकलेला बैल मान टाकत होता आणि त्या ती पुन्हा पुन्हा पाण्यावर उचलत होत्या.

काठावरचा एक म्हातारा ओरडला, "बाई, वर या! बैल दुसरा घेता यील!"

खालून आवाज आला, "दुसरा घेता यील, तात्या. पण ह्यो एकटा खाली कसा ऱ्हाईल?"

मला काठावर आणून विहिरीकडं तोंड करून धावेवर उभं केलं होतं. मला खालचं काहीच दिसत नव्हतं; हे सारं काठावरची माणसं सांगत होती, मला फक्त बायनाबाईंचा आवाज ऐकू येत होता. पण तेवढ्यानंही माझ्यातलं सगळं लोखंड थक्क झालं.

मोटेच्या दगडी खांबांवर लोकांनी तुळईसारखा एक लोखंडी गर्डर आडवा टाकला. सुग्रीवनं त्याला कप्पी अडकवली. दोराचं एक टोक माझ्या दोन्ही हुकांना बांधलं, दुसरं खाली सोडलं. बरोबर रुंद पट्टे आणि पोती टाकली. बायनाबाई श्वास रोखून पाण्यात बुडाल्या आणि हरण्याच्या पोटाखालून पट्टा घेऊन पलीकडं निघाल्या. मग दुसरा पट्टा. पट्ट्यांनी कातडी सोलू नये म्हणून त्यांनी मध्ये पोती सरकवली आणि पट्ट्यांची टोकं दोराला बांधली. शिंगं दगडावर आपटू नयेत म्हणून बैलाला खालून सांभाळणारा एक दोर कुणीतरी धरायला हवा होता.

"मी धरते," त्या म्हणाल्या. "माझ्याशिवाय कुणाचं ऐकायचा न्हाई त्यो."

म्हणजे एवढा मोठा बैल हवेत लटकणार आणि त्या खालीच राहणार! 

आप्पांनी हात वर केला. शिवांजलीनं चारही चाकांचा दांडा ओढला, मागचा गिअर टाकला. दोर ताठ झाला. हरण्याचं वजन माझ्या बंपरवर आलं, तिथून हुकांवर, तिथून चेसीत. सुग्रीवचं 'हाड' म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. मी धावेवरून मागं सरकू लागले.

मध्येच माझी चाकं भुसभुशीत मातीत फिरली. मी विहिरीकडं ओढली गेले. सुग्रीवनं पुढच्या चाकांसमोर दगड सारले आणि ओरडला, "थांबू नका ताई, नाक जड हाय, धरील ती!" खरंच, ज्या वजनाला मी नावं ठेवत होते, त्यानंच माझी पुढची चाकं मातीत दाबून धरली. इंजिन तापलं होतं. आणि त्या सगळ्या गोंगाटात विहिरीतून शांत आवाज येत होता :

"भिऊ नको रं लेकरा. मी हाय न्हवं खाली. जा तू वर."

मित्रांनो, डोक्यावर अख्खा बैल लटकत असताना धीर देत होत्या त्या, बैलाला! आणि खरं सांगते, मलाही. चाकांनी माती पकडली. मी मागं गेले, आणखी मागं गेले. काठावर आधी शिंगं दिसली, मग भिजलेली पाठ. लोकांनी बाजूनं दोर ओढून त्याला जमिनीवर घेतलं. हरण्या आडवा पडून धापा टाकू लागला. सगळे त्याच्याभोवती धावले.

"बायनाबाई!" शिवांजली एवढ्या जोरात ओरडली, की सगळे भानावर आले.

त्यांना बाजेवर बसवून मीच वर काढलं. किती हलकी होती ती बाज! दोर ताठ झाल्याचं मला कळलंसुद्धा नाही. त्या वर आल्या तेव्हा त्यांचे ओठ निळे पडले होते, बोटं दोराभोवती आखडली होती. ती शिवांजलीनं एकेक करून सोडवली. कुणी घोंगडी दिली. त्यांनी एवढंच विचारलं, "उठला का?"

तो उठला नव्हता. मग त्या गुडघ्यांवर सरकत त्याच्यापाशी गेल्या आणि त्याच्या कानात काहीतरी बोलल्या. हरण्यानं आधी मागचे पाय रोवले, मग पुढचे, आणि डगमगत उभा राहिला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. म्हाताऱ्यानं डोक्यावरचं मुंडासं काढून हातात घेतलं. आप्पांच्या डोळ्यांत पाणी होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत त्या विहिरीवर गेले, ओढ्यातला दगड भरून. साऱ्या वस्तीनं मिळून विहिरीला कठडा बांधायला घेतला होता. बायनाबाईंचे हात सोलले होते, तरी त्या दगड जोडायला मातीचा गारा कालवत होत्या.

मित्रांनो, माझं तुमच्याकडं एकच मागणं आहे. तुमच्या रानात उघडी विहीर असेल, तर तिला कठडा घाला. दगडांचा घाला, लाकडांचा घाला, पण आज घाला. यंत्रं जुनी झाली तरी ओढायला येतील. तोवर पाण्यात उभं राहून मान वर धरणारं माणूस प्रत्येक विहिरीत असेलच असं नाही.