टेकाडाची मालकीण

आमच्या जोएलला एक खोड लागली होती. आईच्या दारापर्यंत यायचं आणि उंबरा ओलांडायचा नाही. मोटरसायकल बंदसुद्धा करायची नाही, जणू बंद केली तर मी चावी काढून घेईन. औषधाची पिशवी ओट्यावर ठेवायची, "जेवनानंतर घे" म्हणायचं, की निघाला धूळ उडवत. बाप गेल्यापासून हेच. चहा नाही, पाणी नाही. चुलीवर भाकरी फुगत असली की वासावर वाटसरू थांबतो, हा पोटचा गोळा थांबत नव्हता.

शेजारची बनुबाई म्हणायची, "विमलबाई, पोरगं लाजतंय."

"लाजायला ती नवी नवरी हाय का? पैसे खाल्लेत त्यानं. म्हनून तोंड दावीत न्हाई."

मीच नाही, सगळी वस्ती तसं म्हणत होती.

जोएल नगरला राहतो. मोबाईलचे टॉवर उभे करणाऱ्या कंपनीत आहे. इंजिनिअर लोक नकाशावर एक ठिपका देतात आणि त्याच्याभोवती गोल काढतात. त्या गोलात पायी हिंडायचं, दोन-तीन जागा शोधायच्या, मालकाला पटवायचं आणि एक जागा पक्की करायची, हे जोएलचं काम. पारनेरच्या माळापासून जामखेडच्या घाटापर्यंत त्यानं किती टॉवर उभे केले त्याचा मी हिशेब ठेवला नाही. पण कुठं लग्नाला गेलं आणि लांबून टॉवर दिसला, की आमचे हे, कृपादान, शेजारच्या पाव्हण्याला हटकून सांगायचे, "त्यो आमच्या जोएलचा." पाव्हण्यानं विचारलेलं नसायचं.

आमची वस्ती मिरजगावच्या हमरस्त्यापासून आत, खोलगटात. चारी अंगानं माळ चढत गेलेला. घरात फोन म्हणजे नुसती बॅटरी आणि घड्याळ. बोलायचं असेल तर एकच जागा, माझ्या शेताच्या कडेचं टेकाड. माझ्या बापानं मला दिलेलं, सातबारा माझ्या नावावर. त्याच्या माथ्यावर उभं राहिलं की रेंजच्या दोन काड्या यायच्या. बनुबाईची सून माहेरी बोलायला तिथंच चढायची, आणि तिचा आवाज इतका मोठा, की अख्ख्या वस्तीला तिच्या भावजयीचे सगळे गुण पाठ झाले होते.

त्या माथ्यावर माझी एंजल आहे.

चौथीत होती. तापात गेली. मिशनच्या दफनभूमीत न्यायचं चाललं होतं, तर हे म्हणाले, "तिला हितंच ठेवू. विहिरीवर असलो तरी दिसली पायजे, वाफ्यात असलो तरी दिसली पायजे." खडकाळ माथा. कुणाला हात लावू दिला नाही, पहारीनं एकट्यानं खड्डा खणला. हाताची साल निघाली. जोएल तेव्हा कॉलेजात जायच्या वयाचा होता, बहिणीला खांद्यावर घेऊन तिथंच गुरं राखायचा. तो त्या दिवशी बापाच्या मागं नुसता उभा होता, दगड वेचत.

ईस्टरच्या आधी आमच्यात कबरी धुतात, चुना देतात, पहाटे मेणबत्त्या लावतात. लोक नुसत्या क्रुसाला चुना फासतात. मी तसलं कामचुकार काम करत नाही. कबर, तिच्या भोवतीचा चौथरा, कडेचे दगड, सगळं पांढरंशुभ्र. ब्रशला दुसऱ्याचा हात लागलेला मला चालत नाही. कृपादानचाही लागू दिला नाही.

तर आमच्या बाजूला टॉवरचा ठिपका पडला, हे वस्तीत जोएलच्या आधी कळलं. ह्यांनी टेकाडाच्या पायथ्याची बोरी-बाभळी तोडून वाट करून ठेवली. "सायबाच्या गाडीला काटा लागाया नगं." आणि टॉवर उभा राहिला तो कुठं? माळाच्या पलीकडं, हमरस्त्यावर, गहिनीनाथच्या ढाब्यामागं. ट्रकवाल्यांना सगळ्या काड्या, आमच्या खोलगटात शून्य. मधला चढ सगळं अडवत होता. गहिनीनाथनं ढाब्यावर नवीन पाटी लावली आणि लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. जोएलला हे एकदाच म्हणाले, "का रं, आपल्या हितं जमलं न्हाई?" तो म्हणाला, "न्हाई जमलं, दादा." बापाला तेवढं पुरलं. मला नाही पुरलं.

नंतरच्या उन्हाळ्यात, दुपारची वेळ, हे कांद्याच्या ऐरणीपाशी, पात झाकून रचलेल्या ढिगापाशी, बसले होते. बसले ते कलंडलेच. छातीवर हात. घाम असा की अंगावर कळशी ओतली असावी. मला म्हणाले, "पाणी दे गं."

माझ्या हातात फोन होता आणि फोनमध्ये काही नव्हतं. वस्तीतली माणसं बाजाराला गेलेली. मी म्हटलं, "आले हां, आधी गाडी बलावते," आणि पाणी न देता टेकाडाकडं पळाले. ह्या वयाला पळाले. एंजलच्या क्रुसाला धरून उभी राहिले तेव्हा कुठं फोन लागला. पलीकडची बाई विचारतेय, गाव कुठलं, तालुका कुठला, जवळची खूण कुठली. खूण मी काय सांगू? मी म्हटलं, "पांढरी कबर दिसंल, तिच्या खाली या." वरून मला हे दिसत होते. एक पाय हालत होता. बाईला पत्ता सांगून संपेपर्यंत तो हालायचा थांबला.

मी खाली आले. पाणी दिलं. ओठावरून सांडून गेलं.

गाडी आली, तिचं चुकलं नाही. पण ती यायच्या आत सगळं झालं होतं. आयुष्यभर ज्या माणसानं माझ्या हातचंच पाणी मागितलं, त्याला शेवटी तेवढं मिळालं नाही. हे मी कुणाला बोलून दाखवलं नाही. बोलून काय, लोक हळहळतात आणि चहा मागतात.

ह्यांना चिंचेखाली ठेवलं, खाली, बांधावर. माती द्यायच्या वेळी जोएल सगळ्यांच्या मागं उभा. पाळकसाहेबांनी दोनदा नाव घेऊन बोलावलं, तरी पुढं आला नाही. पोटचा लेक, आणि बापाच्या पेटीवर मूठभर माती टाकली नाही. त्या दिवसापासून ही मोटरसायकल चालू ठेवायची खोड.

मागच्या महिन्यात सकाळी एक पोरगी दारात आली. पाठीवर दप्तर, पायात बूट, डोक्याला रुमाल. मला वाटलं जनगणनेची.

"माणूस एकच हाय घरात," मी म्हटलं, "लिहून घे आन जा."

ती हसली. "आजी, मी निकिता. टॉवरच्या कंपनीत इंजिनिअर आहे. ते टेकाड तुमचंच ना?"

"माजंच. टॉवरवाल्यांशी मी बोलत न्हाई. एक पोसलाय, तेवढा बास."

"जोएल सरांबरोबरच आलेय मी. ते गाडीत बसलेत."

बघितलं तर रस्त्याच्या कडेला बाभळीखाली जीप. आत हा. मान खाली, जसा काही मोबाईलमध्ये गुंतलाय. मोबाईलमध्ये इथं काय दिसणार होतं त्याला!

पोरीला पाणी दिलं. ती ओट्यावर टेकली. म्हणाली, "तुमच्या वस्तीवरून खूप तक्रारी आल्यात. आता ह्या खोलगटासाठी वेगळा टॉवर मंजूर झालाय. पण ठिपका परत तिथंच पडतो, टेकाडावर. सर म्हणाले विचारूच नका, त्या नाही म्हणतात. मी म्हटलं, मागच्या वेळी नाही म्हणाल्या, आता एकदा समोर बसून विचारू तरी."

"मागच्या येळी कोन न्हाई म्हनलं?"

"तुम्ही."

"मी?"

"जमिनीची मालकीण कशालाच तयार नाही, असं सरांनी कळवलं होतं. म्हणून तर ढाब्याची जागा घ्यावी लागली. आम्हाला वाईट वाटलं तेव्हा, कारण टेकाडाची जागा एकदम सोयीची होती. वरून काढलेल्या फोटोत माथ्यावर पांढरा चौकोन दिसतो. आम्हाला वाटलं, पाण्याच्या टाकीसाठी कुणी चौथरा बांधून ठेवलाय. आम्ही ठिपका अगदी त्याच्यावरच दिला होता."

माझा चुना. आभाळातून दिसला होता.

पोरीला म्हटलं, "बस हितंच. शेंगा हायत डब्यात, खा." आणि चप्पल न घालता जीपपाशी गेले. काचेवर टकटक केलं.

"उतर."

"आई, मला जरा..."

"उतर म्हनते. का तुझी जीपबी चालू ठेवायची असती?"

उतरला. मी पुढं, तो मागं. त्याच्या बापानं तोडून केलेली वाट अजून होती, बाभळी पुन्हा फुटायला लागल्या होत्या. फांद्या बाजूला सारत टेकाड चढलो. माथ्यावर माझ्या कमरेतला फोन वाजला, आठवडाभराचे सगळे निरोप एकदम येऊन पडले. तिथं नेहमी तसंच होतं.

"मी कवा न्हाई म्हनले रं?"

तो कबरीकडं बघत होता.

"तुला इचारते मी. ती मेलीय, तिला तोंड न्हाई. तू बोल."

"आई, ठिपका हिच्या अंगावर पडला हुता." त्यानं हातानं दाखवलं. "हितं, मधोमध. ऑफिसात सगळे खूश, म्हनले जागा तयार हाय. मी त्या फोटोकडं बगत बसलो. माथा केवढासा हाय बग. पाया खनायचा तर सगळा जातोय. वरती जनरेटर, तारेचं कुंपन, कुलूप. हिला उचलावं लागलं असतं."

"मग?"

"मग तुला कुठल्या तोंडानं इचारू? तू चुन्याच्या ब्रशला हात लावू देत न्हाईस कुनाला. आन मी यिऊन म्हनू, आई, एंजलला उचलायची हाय?"

"म्हनून माज्या नावानं न्हाई म्हनलास."

"ढाब्याची जागा गोलात बसत हुती. म्हटलं, तिकडनं थोडी तरी रेंज यील खाली. इंजिनिअर म्हनत हुते, चढ आडवा येतोय. मीच म्हटलं, यील यील."

"आन सगळी वस्ती म्हनली, पैसे खाल्ले, तवा तोंड का शिवलं हुतंस? मीबी म्हनले. तुझ्या कानावर आलं आसंल."

"आलं हुतं." तो खाली बसला, कबरीच्या कडेच्या दगडावर. एवढा दाढीवाला बाप्या, पण तो दगड त्यानंच वेचून लावलेला. "पैसे खाल्ले म्हटलेलं बरं वाटायचं मला. खरं सांगितलं आसतं तर तुला वाटलं आसतं, हिच्यापायी दादा गेले. मग तू चुना दिला नसतास. हिचा काय गुना, आई?"

मी तोंड फिरवलं. खाली ओटा दिसत होता, ती पोरगी शेंगा फोडत होती. ओट्याच्या पलीकडं कांद्याची ऐरण. तिच्यापाशी तो पाय हालत होता. मी इथंच उभी होते, ह्याच क्रुसाला धरून. लेकीपाशी उभी राहून नवऱ्याला जाताना बघत होते. आणि लेकानं तिकडं एकट्यानं हे सगळं पोटात ठेवलं होतं, कुणी पुसलं तर हात झटकायचा आणि गाडी मारायची.

त्याच्या डोक्यावर हात ठेवावासा वाटला. ठेवला नाही. आधी निवाडा करायचा होता, आणि हात ठेवला असता तर तो राहून गेला असता.

मी म्हटलं, "उठ. बसून ऐकायचं न्हाई हे. दादाचं मरन मी तुझ्या माथी मारत न्हाई. गाडी येळेवर आली आसती तरी ते राहिले आसते का, ते मला ठावं न्हाई, तुलाबी न्हाई. पन टेकाड माजं, लेक माजी, आन तिच्यासाठी व्हय म्हनायचं का न्हाई, तेबी माजंच हुतं. तू मला इचारलं आसतंस तर मी तुला पायतानानं मारलं आसतं. आठ दिस तुझं तोंड बगितलं नसतं. आन मग सही केली आसती. कारन तुझा बाप खाली जिता हुता. तू मला एका रडन्यातून वाचवाया गेलास, आन माज्या हातून त्यांचं पानी गेलं. ह्याची माफी न्हाई, जोएल. मी जिती हाय तवर न्हाई. आता खाली जा. गोठ्यात दादाची पहार हाय, ती घे. ज्या पहारीनं त्यांनी हिला हितं ठेवली, त्याच पहारीनं तू हिला काढायची. जेसीबी न्हाई, मजूर न्हाई, तुझ्या हातानं. पाळकसायबांना मी बलावते, त्या पोरीला सही मी देते. हिला चिंचेखाली तिच्या बापाच्या कुशीला ठेवायची, आन त्या दिवशी दिली न्हाईस ती मूठभर माती दादाला द्यायची. चुना मी देईन. आन सगळं झाल्यावर हात धुवून, उंबरा वलांडून, घरात यायचं. भाकरी गार झाली तरी खायची."